आधी भावाची तोड, मग तुझी

सांगलीच्या कोर्टात, वकिलांच्या बार रूममध्ये मला पाठीमागं 'झाल्यावरच्या बाई' म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण चहावाला एकदा घाईत ओरडला, "झाल्यावरच्या बाईंचा बिनसाखरेचा!" आणि मला कळलं. सगळं होऊन गेल्यावर लोक माझ्याकडं येतात, म्हणून हे नाव. ते कुणी पाडलं हेही मला ठाऊक आहे, पण तो गृहस्थ पुढं न्यायाधीश झाला आणि मला त्याच्यापुढं उभं राहावं लागायचं, म्हणून विषय वाढवला नाही.

नाव खोटंही नाही. मॅजिस्ट्रेटनं शिक्षा दिली, तहसीलदारानं परवाना रद्द केला, प्रांतानं तडीपार केलं, कलेक्टरनं सरपंचाला घरी बसवलं, की माझं काम सुरू होतं. पुस्तकात याला न्यायिक पुनर्विलोकन म्हणतात. हा शब्द मी उभ्या जन्मात एकाही पक्षकारापुढं उच्चारलेला नाही. लोक सरसकट 'रिव्हिजन' म्हणतात. कागदावर रिट असलं तरी त्यांच्या लेखी रिव्हिजनच, आणि मीही दुरुस्त करत बसत नाही.

आमच्याकडं कुस्ती सगळ्यांना कळते, म्हणून मी कुस्तीतच समजावते. खालचा अधिकारी म्हणजे मैदानातला पंच. अमका पडला म्हणून त्यानं तमक्याचा हात वर केला. वरचं कोर्ट ती कुस्ती पुन्हा लावत नाही. ते एवढंच विचारतं, की पंचानं दोन्ही पैलवानांना आखाड्यात बोलावलं होतं का? पाठ टेकलेली त्यानं स्वतः बघितली, की हलगीवाला सांगतोय म्हणून हात वर केला? एवढं ऐकलं की पक्षकार विचारतो, "पण बाई, पडला कोण ह्ये तर बगत्याल न्हवं?" मी म्हणते, "शक्यतो नाही बघत." इथं निम्मे लोक दुसरा वकील शोधायला जातात.

विट्याकडचा एक गलाईवाला आला होता. लांब दक्षिणेत कुठंतरी सोनं गाळायचं दुकान, गावाकडं नवा बंगला आणि त्याच्या कुंपणाची भिंत रस्त्यावर आलेली. ती पाडायची नोटीस निघाली होती. मी सगळं वाचलं आणि म्हटलं, "यात काही दम नाही. साहेबांनी तुमचं सगळं ऐकून घेतलंय, मोजणी करून घेतलीय, प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिलंय."

"समदं ऐकून घेतलं, आन् मग इरोधात निकाल दिला?" तो उठूनच उभा राहिला. "ह्यो तर जास्तच गुन्हा झाला की बाई!"

भिंत पडली. पण त्याच्या बोलण्यात काहीतरी होतं असं मला अजून वाटतं. न ऐकता हाकललेला माणूस निदान स्वतःची समजूत घालू शकतो.

साताऱ्याचं एक प्रकरण सांगते आणि मग मुख्य गोष्टीकडं येते. माण तालुक्यातला एक म्हातारा होता. गावात टँकर आला, घागरी लावण्यावरून बोलाचाली झाली, कुणालातरी घागर लागली आणि म्हाताऱ्यावर केस झाली. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" म्हातारा म्हणाला, "व्हय जी." झालं, शिक्षा! आता आमच्या भागातल्या 'व्हय'ला फार अर्थ आहेत. हाक मारली की व्हय, बोलणं ऐकू येतंय एवढंच सांगायला व्हय, समोरचा मोठा माणूस आहे म्हणून व्हय. कायदा सांगतो की कबुली आरोपीच्या स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावी. इथं कारकुनी मराठीत लिहिलं होतं, 'आरोपीस गुन्हा मान्य आहे.' हा म्हातारा जन्मात 'मान्य' म्हणाला नसता. सत्र न्यायालयात मी एवढ्या एकाच शब्दावर बोलले आणि शिक्षा रद्द झाली.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "आजोबा, सुटलात."

"व्हय."

"कळलं ना काय झालं ते?"

"व्हय."

"काय कळलं, सांगा बघू."

"व्हय," म्हातारा म्हणाला आणि त्यानं हात जोडले. मग त्याच्या लेकानं त्याला दंडाला धरून एसटीकडं नेलं.

आता फौजीची गोष्ट. आष्ट्याच्या अलीकडं एक गाव आहे. नाव लिहीत नाही, गावाचा काही दोष नाही. फौजी म्हणजे हणमंत, सैन्यातून नायक म्हणून निवृत्त होऊन आला आणि साखर कारखान्यावर चिटबॉय म्हणून लागला. ज्यांच्याकडं ऊस नाही त्यांच्यासाठी सांगते. कारखाना सगळ्यांचा ऊस एकाच दिवशी नेऊ शकत नाही. कुणाच्या शेतात तोडणीची टोळी कधी घालायची हे ठरवून त्याची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात देणारा, तो चिटबॉय. वय पन्नाशीचं, मिशा कानापर्यंत, तरी बॉयच. आणि या पाळीला, या तोडणीला, आम्ही 'तोड' म्हणतो. "तुझी तोड कवा हाय?" "माझी तोड झाली." "आमची तोड लांबली रं गड्या." दिवाळी सरली की आमच्या पट्ट्यात लोक एकमेकांना 'कसा आहेस' असं विचारत नाहीत, 'तोड आली का' असं विचारतात. उभा ऊस वाळत चाललेला आणि चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात, अशा वेळी चिटबॉयला गावात मित्र कमी आणि शिव्या जास्त मिळतात.

त्यात फौजी तोंडाचा फटकळ. बोलायला लागला की अर्धी हिंदी, अर्धी रांगडी, आणि आवाज परेड ग्राउंडवरचा. अंगावर जुन्या मारामारीच्या दोन केसेस, एक बांधावरून आणि एक ग्रामसभेतली. दोन्हींतून सुटलेला. पण पोलिसांच्या कागदावर सुटलेली केसही केसच दिसते.

एक दिवस त्याची बायको सुभद्रा माझ्या ऑफिसात आली. फौजी येऊ शकत नव्हता, कारण सांगली, सातारा, कोल्हापूर तिन्ही जिल्ह्यांतून त्याला तडीपार केलं होतं. पोलिसांनी गाडीत घालून म्हैसाळच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीत सोडलं. तो कागवाडात एक खोली घेऊन राहत होता.

सुभद्रानं पिशवीतून कागद काढून पुढं ठेवले. मी नोटीस वाचायला लागले. गुप्त साक्षीदार होते. तडीपारीत असे असतात, दहशतीमुळं उघडपणे पुढं येत नाहीत म्हणून त्यांचं नाव झाकून जबाब घेतात आणि आपल्याला त्याचा फक्त सारांश मिळतो. सारांश असा होता: 'तुम्ही साक्षीदारास भर चौकात, आधी तुझ्या भावाला तोडतो, मग तुला तोडतो, मध्ये बोललास तर तुझा शेवट करीन, अशी जीवे मारण्याची धमकी दिली.'

मी दोनदा वाचलं आणि मला हसू फुटलं. मीही आष्ट्याची, उसाच्या घरातली. माझ्या कानाला ते वाक्य मूळ चालीत ऐकू आलं: आधी तुझ्या भावाची तोड करतो, मग तुझी, आन् मधी बोललास तर तुझी शेवटी!

सुभद्रा ताडकन बोलली, "आवं ताई, आमचा संसार उलथा झालाय आन् तुमी हसताय व्हय?"

"माझ्यावर रागवू नकोस. तुझ्या नवऱ्याला फोन लाव."

"आधी माजं ऐका," ती म्हणाली, आणि रडायला लागली. "आमचं आबा, म्हंजी सासरं, खुबा मोडून पडल्यात. तालमीतलं शरीर हाय, लय जड. ह्ये रोज सकाळी त्यास्नी उचलून मोरीत न्ह्यायचे, आंघूळ घालायचे, पुन्ना पालथं-उताणं करून निजवायचे. माज्यानं हालत न्हाईत. दोन बायका लावल्या तरी म्हातारं कुणाला हात लावू देत न्हाई. पाठीला जखमा व्हायला लागल्यात. तडीपारी दोन वर्साची हाय. दोन वर्सं आबा काय तग धरत्यात? बाप मरायच्या आदी ह्यास्नी घरी आणा, येवढंच बगा."

माझं हसू गेलं. माझ्यासमोर एक गमतीचा शब्द होता, पण तिच्यासमोर ती पाठ होती. त्या दिवसापासून फाईल उघडली की मला आधी म्हातारा आठवायचा.

फौजीला फोन लावला. "नमस्ते मॅडम! ऊटा आयता?" म्हणजे कन्नडमध्ये, जेवण झालं का. घरमालकिणीकडून तेवढं शिकला होता. मी नोटीस वाचून दाखवली आणि विचारलं, "फौजी, हे तुम्ही उसाबद्दल बोलला होतात का?"

पलीकडून मांडीवर हात आपटल्याचा आवाज. "आयला! व्हय की! टपरीवर म्हणलो व्हतो! त्येच्या भावाच्या उसाला तुरा आलाय, वजन घटाय लागलंय, आधी त्येची तोड करतो, मग तुजी, असं म्हणलो. प्रांतसाब पुछा, धमकी दिली का, तवा मला ह्ये आठवलंच न्हाई."

"मग तुम्ही प्रांतांना काय सांगितलंत?"

"म्हणलो, मी फौजी हाय. धमकी देत न्हाई, डायरेक्ट देतो."

मी डोळे मिटून घेतले. हेही आदेशात लिहिलेलं होतं, अगदी शब्दशः.

मग त्याचा आवाज बदलला. "मॅडम, ह्ये मी फक्त दस्तगीरला म्हणलो व्हतो. म्हंजी साक्षीदार दस्तगीर हाय. शेजारी. भावासारका समजलो त्येला! सरहद्दीवर उभा राह्यलो तवा कुणी मला येकटं टाकलं न्हाई, आन् शेजाऱ्यानं..." पुढं जे बोलला ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

"फौजी, नीट ऐका," मी म्हटलं. "त्या माणसाला फोन करायचा नाही, निरोप द्यायचा नाही, त्याच्या घरावरून कुणी जायचंसुद्धा नाही. साक्षीदाराला त्रास दिला असं एकदा कागदावर आलं, की तुमची केस मी तर काय, देवही वाचवणार नाही."

अपील केलं. वरच्या कार्यालयानं ते फेटाळलं. कारण एका ओळीचं: 'आदेशात हस्तक्षेप करण्यासारखे काही नाही.' माझा मुद्दा वाचला असता तर निदान हसले तरी असते. आता उच्च न्यायालय. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची. आता कोल्हापूरला न्यायमूर्ती बसतात आणि आम्ही सकाळी निघून दहाला दारात असतो. गंमत एवढीच, की ज्या कोर्टात फौजीचं भवितव्य ठरणार ते कोर्टच त्याच्या बंदीच्या हद्दीत होतं.

याचिकेची तयारी चालू असताना एक दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. किरकोळ अंगाचा, पांढरी टोपी, चपला बाहेर काढून आलेला.

"मॅडम, मी दस्तगीर. फौजीच्या शेजारचा."

मी खुर्चीतून उठले. "बाहेर थांबा. आत येऊ नका."

"मॅडम, येक डाव ऐकून घ्या. मी तोडीची तक्रार क्येली व्हती, तडीपारीची न्हाई. हवालदार इचारत व्हता, फौजी कसा हाय, तर मी आपलं रडगाणं गायलो, माजा ऊस वाळतुया म्हणून. मला कोर्टात उभं करा. कुराणावर हात ठिवून सांगतो."

"तुम्ही कोण, काय सांगितलंत, मला काहीच माहीत नाही आणि मला ऐकायचंही नाही. कृपा करून जा."

"खरं सांगाय आलुया, तरी बी?"

"तरीही."

त्यानं चपला घातल्या आणि तो गेला. हे वाचून तुम्हाला माझा राग आला असेल, तर तुम्ही एकटे नाही, माझ्या कारकुनाचाही माझ्यावर दोन दिवस राग होता. पण मी बरोबर होते आणि आजही तसंच करीन. एक म्हणजे, पक्षकाराच्या वकिलाच्या ऑफिसात गुप्त साक्षीदार बसलेला दिसला, तर सरकार म्हणणार, बघा, दहशत! दुसरं म्हणजे, त्याचा नवा जबाब आमच्या कामात उपयोगाचा नसतो. अधिकाऱ्यानं आदेश काढला तेव्हा त्याच्या टेबलावर काय होतं आणि त्यानं ते कसं वाचलं, एवढीच आमची कुस्ती. नंतर कितीही खरं बोलणारा माणूस आणला तरी तो आमच्या आखाड्यात उतरू शकत नाही. सगळं खरं सांगायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं, हा या धंद्यातला कडू घास आहे आणि तो मी गिळला.

पुढं काही दिवसांनी सुभद्राचा फोन आला. आवाज हलका वाटत होता.

"ताई, आबांचं बरं चाललंय. पाठ भरून आली."

"कुणी माणूस मिळाला का?"

ती जरा घुटमळली. "दस्तगीरभावजी येत्यात. सकाळची नमाज झाली की येत्यात. आबांस्नी उचलून आंघूळ घालत्यात, पाठीला तेल लावून निजवत्यात. पयल्या दिवशी आबांनी शिव्या दिल्या. त्ये म्हणले, 'घाला शिव्या, पर हात गळ्यात टाका.' तवापास्नं..."

"सुभद्रा, मला ऐकू येत नाहीये. रेंज गेलीय," मी म्हटलं.

"न्हाई ताई, मला तर तुमचं सपष्ट..."

मी फोन ठेवला. वकील म्हणून मी यातलं काही ऐकलेलं नाही. बाई म्हणून ऐकलं, आणि त्या दिवशी चहावाल्याला साखर घालायला सांगितली.

फौजीला सुभद्रानं हे सांगितलं तेव्हा त्यानं म्हणे फोन कट केला. मग संध्याकाळी परत लावून तिला एवढंच म्हणाला, "त्येला सांग, आबांचा डावा खांदा दुखतुया, तितनं धरू नको." मी घातलेली बंदी त्यानं या एका वाक्यानं मोडली, पण त्याबद्दल त्याला बोलायला माझी जीभ वळली नाही.

कोल्हापूरला सुनावणी लागली. दोन न्यायमूर्ती. ज्येष्ठ होते ते कापसाच्या मुलखातले. ऊस त्यांनी बहुधा रसवंतीतच बघितलेला. समोर सरकारी वकील, शिरोळकडचा चांगला, अभ्यासू माणूस. माझ्या याचिकेतला 'तोड' वाचून त्याच्या ओठांचे कोपरे हलले होते, ते मी बाहेर व्हरांड्यातच पाहिलं होतं. पण तो सरकारचा माणूस, हसणार कसा?

मी उभी राहिले. म्हटलं, "साक्षीदाराच्या मनात काय होतं हे न्यायालयानं ठरवावं असं माझं म्हणणं नाही. ते अधिकाऱ्याचं काम होतं. माझा प्रश्न एवढाच आहे, की अधिकाऱ्यानं ते केलं का? उसाच्या तालुक्यात, तोडणीच्या हंगामात, चिटबॉयच्या तोंडी 'तोड' हा शब्द आला. अधिकारी नवे होते, लांबून आलेले. माहीत नसणं हा गुन्हा नाही. पण त्यांनी साक्षीदाराला बोलावून एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. स्वतःच्या शिपायाला विचारलं असतं तरी चाललं असतं."

ज्येष्ठ न्यायमूर्तींनी मूळ जबाबाचा बंद लिफाफा मागवून घेतला. तो आम्हाला दिसत नाही, फक्त त्यांनाच. त्यांनी वाचला, शेजारच्या न्यायमूर्तींना दिला, आणि चष्म्यावरून सरकारी वकिलाकडं बघितलं.

"जबाबात 'तुझ्या भावाची तोड' असं आहे. नोटिशीत ते 'भावाला तोडतो' झालंय. आणि इथं 'तुझी शेवटी' आहे, ते तिकडं 'तुझा शेवट' झालंय. हे कसं?"

"सर, सारांश करताना... शब्द धमकीचाही असू शकतो, सर."

"असू शकतो. तुम्ही याच भागातले ना? तुमच्या घरी ऊस आहे?"

"आहे, सर."

"मग मला समजावून सांगा. तुमची तोड झाली, असं म्हणता तुम्ही?"

"कुठली होतेय, सर!" सरकारी वकील मनापासून बोलून गेला. "महिना झाला चिटबॉयच्या मागं लागलोय, चिठ्ठीच देत नाही!"

अख्खं कोर्ट हसलं. तोही हसला, आणि मग आपण काय बोललो हे ध्यानात येऊन कागदांत तोंड घातलं. मी मात्र हसले नाही. समोरचा स्वतःच पडला की आपण गप्प उभं राहायचं, एवढं इतक्या वर्षांत शिकले आहे.

आदेश रद्द झाला. निकालात लिहिलं की अधिकाऱ्यानं जबाबाची शहानिशा केली नाही, मूळ शब्द बदलले, सुटलेल्या केसेस मोजल्या आणि माणसाला घराबाहेर काढण्याइतका गंभीर निर्णय विचार न करता घेतला. फौजी सज्जन आहे असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. ते आमचं कोर्ट लिहीत नाही. फौजी निर्दोष की गुंड, याबद्दल एक अक्षर नाही. त्याला त्याचं वाईट वाटलं. फोनवर म्हणाला, "मॅडम, 'इज्जतदार माणूस' असं येक वळ तरी लिव्हायला पायजे व्हती." मी म्हटलं, "ती ओळ गाव लिहितं, कोर्ट नाही." कारखान्यावर त्याच्या जागी दुसरा चिटबॉय आला होता, ते कामही त्याला परत मिळालं नाही. आमच्या विजयाची नेहमी अशी कुठंतरी कोर मोडलेली असते. नव्या वकिलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते, म्हणजे ते पेढे वाटायची घाई करत नाहीत.

पण माणूस घरी आला. दुसऱ्या दिवशी मी चहा घेत होते तेवढ्यात त्याचा फोन.

"मॅडम, येक कायद्याचं इचारायचं व्हतं."

"विचारा."

"आज सकाळी पाटंला उटलो. म्हणलं इतक्या महिन्यांनी आबांची सेवा करायला मिळती. मिलिटरी स्टाइलमदी दोन्ही हात खाली घातले, उचलाय गेलो. तर म्हातारं काय म्हणलं?"

"काय म्हणाले?"

"म्हणलं, 'तू ऱ्हाऊ दे. तू लय हिसका देतोस. दस्तगीर यीऊ दे, त्येचा हात मऊ हाय.'" त्याचा तो परेड ग्राउंडवरचा आवाज कुठल्या कुठं गेला होता. "मी म्हणलं, आबा, मी तुमचा ल्येक, घरी आलोय. तर म्हणलं, 'आलास ते बरं झालं. जा, दस्तगीरला हाक मार.'"

"मग?"

"मग काय. कुंपणाशी गेलो. त्यो बी तितंच उबा व्हता, यावं का नको म्हणून. पार येका सालानं त्येच्याशी बोललो. म्हणलं, 'चल रं, म्हातारं तुलाच मागतंय.' आता त्यो आत आंघूळ घालतुया, आन् मी भाईर पाण्याचा बंब पेटवून बसलोय."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तर मॅडम, मला सांगा," फौजी म्हणाला, आणि तो हसतोय की रडतोय हे मला कळेना, "आबांच्या ह्या निकालावर रिव्हिजन लागतं का?"

"नाही," मी म्हटलं. "तो निकाल अंतिम आहे."